धुऱ्यावरचं शिसव

उमरखेडच्या स्टँडवर उज्ज्वला ढाणकीच्या बसची वाट पाहत बसली होती. तिच्या मागच्याच बाकावर मन्सूर सुतार आणि नवं घर बांधणारा पूनमसिंग बोलत होते.

“पूनमभाऊ, दाराची फळी अजून कापली नाही मी.”

“काहून? डागी टोक काढून टाक म्हटलं होतं ना?”

“त्याच टोकावर ओला फडका फिरवला, अन् आरी खाली ठेवली. ही फळी ज्याची, शेताच्या धुऱ्यावरच्या त्या शिसवाले बैल बांधत होते ना तुम्ही?”

“हो. दोर काचून काचून खोडाले वळ पडला होता.”

“त्या वळाभोवती लहरी उठल्यात. आपण चाललो की त्या बी चालतात. उभ्या जिंदगीत अशा लाकडावर रंधा मारला नाही मी.”

“मंग फोटो धाडायचा.”

“फोटोत त्या चालत नाहीत. म्हणून तुम्हाले न्यायले आलो. पण अख्खी फळी चौकटीपेक्षा हातभर उंच हाय.”

ढाणकीची बस लागली. उज्ज्वला पिशवी धरून बसूनच राहिली.

“भिंत फोडू.”

“अगोदर पाहून तर घ्या.”

“आरी चालवणारा माणूस आरी ठेवून मले बोलवाले आला. आता पाह्यचं काय राह्यलं?”