पौलसचं शेवटचं कडवं

आता मला सांगा, माणसानं पाच कडव्यांचं गाणं करायचं आन् लोकांनी चारच म्हणून उठायचं, तर त्या पाचव्या कडव्यानं जावं कुठं? विहिरीत? आन् पाचवं म्हणजे असंतसं न्हाई, शेवटचं. त्यात करणाऱ्याचं नाव असतंय. आपल्याकडं रीतच हाय ना, देवाचं करा न्हाईतर दाण्यापाण्याचं करा, शेवटच्या कडव्यात 'अमका म्हणे' म्हणायचं आन् मगच टाळ खाली ठेवायचे. ज्या गाण्यात नाव न्हाई ते बेवारशी, कुणीबी यावं आन् दावं धरून न्यावं. पौलसनं नाव घातलं होतं, चांगलं ठसठशीत घातलं होतं. पण शेवटचं कडवं म्हणतंय कोण?

पौलस म्हणजे आमच्या गल्लीतला ख्रिस्ती माणूस, सेलूच्या जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायचा. शाळेचं तोंड त्यानं पाह्यलं न्हाई, मी बी न्हाई, म्हणून आमचं दोघांचं जमायचं. आवाज असा, की त्यानं गल्लीच्या तोंडाला सूर लावला तर चुलीपुढच्या बाया भाकर थापायच्या थांबायच्या. कागद नव्हता, पेन नव्हता. गाठी उचलता उचलता ओळ सुचली की दिवसभर तोंडात घोळवायची आन् सांजच्याला बायकोपुढं आणून टाकायची. "पंचफुला, धर." पंचफुला सुपात ज्वारी पाखडत बसलेली, ती पाखडता पाखडता धरायची. लग्नात पाळकसाहेबांनी तिचं नाव रिबका ठेवलं होतं, पण ते नाव चर्चच्या दारातच राहिलं, घरी आली ती पंचफुलाच. तिनं एकदा ओळ धरली की जिंदगीभर सुटायची न्हाई. त्याची समदी गाणी तिच्याच डोक्यात. तो स्वतः विसरायचा, तिला विचारायचा.

पहिलं गाणं झालं ते नामांतराचा दंगा पेटला त्या साली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आन् लोकांची डोकी फिरली, दलितांच्या वस्त्या पेटवल्या... एका नावापायी, बगा. पौलसचे पाहुणे बी त्याच वस्त्यांतले, खेड्यावरून पळत आले, लेकरंबाळं घेऊन चर्चमधी बसले. चूल न्हाई, दिवा न्हाई, इतके भेदरले होते की रडायला बी आवाज निघंना. मग पौलस कोपऱ्यात बसून हळूहळू गुणगुणायला लागला,

सूपभर दाणं देवा, तुझंच तुला देतो,
मुठीत जे राहिलं, तेवढं घरी नेतो...

आन् एक म्हातारी रडली. मग दुसरी रडली. मग समदं चर्च रडलं, आन् रडून झाल्यावर लेकरं झोपली. गाणं खरं झालं ते तवा. आन् त्याचं शेवटचं कडवं ऐका, मी म्हणते, कारण दुसरं कोण म्हणणार हाय,

पौलस म्हणे देवा, नाव ध्यानी ठेव,
पाखडताना एक दाणा सुपातच ठेव.

काय वाईट हाय का? मला तर देवळातल्या कीर्तनात बी असं ऐकायला मिळालं न्हाई. पाळकसाहेब माणिकराव बी खूश झाले. म्हणाले, "पौलस, हे आपलं दानाचं गाणं. आता दर रविवारी." पौलस घरी आला तो जमिनीवर पाय नसल्यावाणी. आन् तिथंच त्याचं नसीब फुटलं.

कसं, ते सांगते. दान म्हणजे आमच्या इथं कुणी मूठभर ज्वारी देतंय, कुणी अंडं, कुणी दोडकं. बन्सीधरमामा मागच्या रांगेपासून टोपली फिरवत पुढं यायचे, आन् टोपली मेजावर टेकली की पाळकसाहेब हात वर करायचे, आमेन. टोपली चालती तवरच गाणं. आता ते चर्च केवढं, मंडळी केवढी? तिसरं कडवं संपतंय न संपतंय तवर टोपली मेजाला. फार झालं तर चौथं. बन्सीधरमामा म्हणजे गुडघ्याचा माणूस, एरवी चर्चची पायरी चढताना मागची माणसं जांभया द्यायची, पण टोपली हातात आली की घोड्यावाणी. पौलस म्हणाला, "मामा, जरा हळू फिरवा ना." तर मामा म्हणतात, "का रं? टोपलीतलं अंडं फुटलं तर तू भरून देणार का? लवकर नेऊन ठेवलेलं बरं." आता ह्याला काय बोलावं?

मग पौलस समद्यांत पुढच्या रांगेत जाऊन बसायला लागला. टोपली समोर आली की पदराला... चुकले, धोतराच्या सोग्याला बांधलेली ज्वारी चिमटी चिमटीनं टाकायचा. चौथं कडवं आलं, संपायला आलं, बन्सीधरमामांचा गुडघा थरथरायला लागला, आन् समोरून पाळकसाहेब म्हणतात कसे, "पौलस, देवाला दान द्यायलास का चिमण्यांना दाणं टाकायलास?" समदी मंडळी हसली. ज्वारी पडली टोपलीत भसकन, आमेन. आन् शेवटचं कडवं म्हणतंय कोण?

बरं, मग त्यानं आणखी एक करून पाह्यलं. नावाचं कडवं उचललं आन् पहिलं ठेवलं. पंचफुलानं सूप खाली ठेवलं आन् म्हणाली, "जेवायच्या आधी ढेकर द्यायलात का? लोक काय म्हणतील?" लोक तेच म्हणाले. पाळकसाहेब म्हणाले, "अरे, प्रभूच्या आधी पौलस?" गेलं नाव परत शेवटाला.

म्हणलं, जाऊ द्या, चर्च लहान हाय, बाहेर तर जग मोठं हाय. पण बाहेर तरी काय? लग्नात नवरी दारातून मेजापर्यंत येईतवर गाणं चालणार, आन् नवऱ्या मेल्या भरभर चालणार, कारण उन्हानं चर्चचे पत्रे तापायचे. मयतीला म्हणलं, तर मसणवटा जवळ. मग परभणीहून एक कॅसेटवाला आला, चर्चमधीच वायरी पसरल्या, पौलसला पेटीवर बसवलं, आन् चौथं कडवं म्हणून झालं तर कॅसेटीची एक बाजूच संपली. कॅसेटवाला म्हणतो, "काका, चार बी मोप झाली." कॅसेट अशी चालली म्हणता, सेलूच्या हाटेलात, पाथरीच्या स्टँडवर, जीपगाडीत, जिथं जाल तिथं सूपभर दाणं. पौलसनं एका मास्तरला कॅसेटीवरचा कागद दाखवला, म्हणला, "माझ्या गाण्यापुढं कुणाचं नाव हाय वाचा." मास्तर म्हणाला, "पारंपरिक." पौलस घरी येऊन पंचफुलाला म्हणतो, "हा पारंपरिक कुठला? आपल्या मंडळीतला तर न्हाई."

हसता काय? माझ्या जिवाला विचारा, मी दारात बसून ऐकायले होते.

आन् पुढचं ऐका. ती चाल पाथरीच्या काशीनाथ बँडवाल्यानं उचलली. वरातीत वाजवायला लागला, आन् माणसं दारू पिऊन दानाच्या गाण्यावर नाचायला लागली. आता बँडला कडवं असतंय का? पहिलं बी गेलं आन् शेवटचं बी गेलं. पौलस एका वरातीत घुसला, काशीनाथच्या कोटाला धरून म्हणला, "मालक, हे गाणं माझं हाय." काशीनाथनं तोंडातला बाजा काढला, ह्याला खालपासून वरपर्यंत पाह्यलं, कापसाचे धागे डोक्याला चिकटलेले, म्हणला, "व्हय का? मागच्या लग्नात एकजण म्हणला त्याच्या आज्याचं हाय. बाजूला सर, घोडं लाथ मारंल."

अशी वर्षं गेली. जिनिंगची रुई छातीत बसली, खोकला लागला, सूर लावायला गेला की अर्ध्यात तुटायचा. गाणी आणखी बी केली त्यानं, पण लोकांना पाहिजे ते एकच. आन् त्याचं शेवटचं कडवं म्हणतंय कोण? मला म्हणायचा, "आजी, मला काय नको. एकदा, फक्त एकदा, माणसांच्या तोंडून माझं नाव देवाला ऐकू जावं. आपल्याच तोंडानं आपलं नाव किती घ्यावं?"

मग चौऱ्याण्णव साल उगवलं, आन् संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. वस्तीत लोकांनी पेढे वाटले. पौलसनं मला बी पेढा आणून दिला, म्हणला, "आजी, सोळा वर्षांनी का होईना, लागलं ना नाव? माझं तर नुसतं एक कडवं हाय." आन् त्याच महिन्यात परभणीला ख्रिस्ती लोकांची मोठी सभा भरली. मैदानात मांडव, चार जिल्ह्यांची माणसं. दानाला टोपल्याच टोपल्या, आन् रांगा अशा, की ह्या टोकाचं माणूस त्या टोकाला ओळखू येऊ नये. पाळकसाहेब म्हणाले, "पौलस, पेटीवर तूच बस." पौलसनं धोतर दोनदा धुतलं. मला बी घेऊन गेले, म्हणले, "आजी, तुमी साक्षीला चला." गेले. देव काय, कुणाचा बी असो, बसायला सतरंजी होती.

सुरू झालं. पहिलं कडवं, मांडव भरून आवाज. दुसरं. तिसरं. टोपल्या अजून मधल्या रांगांत. चौथं झालं... टोपल्या तिथंच. पाळकसाहेबांचा हात खालीच.  त्यानं सूर दिला आन् तोंड मिटलं. स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं न्हाई, आज लोकांनी घ्यायचं. डोळे मिटले त्यानं. आन् समद्या मांडवानं, तुमाला सांगते, बाया, बाप्ये, लेकरं, समद्यांनी एका आवाजात शेवटचं कडवं म्हणलं,

आमचे हे म्हणे देवा, नाव ध्यानी ठेव...

पौलसनं डोळे उघडले.

आता ह्यात कुणाला दोष द्यायचा? पौलस जिनिंगवर आन् पंचफुला कापूस वेचायला. वेचणीत बायांना गाणं पाहिजेच, तिथं टोपली आडवी येत न्हाई, सरी संपंतवर गाणं चालतंय, पाचच्या पाच कडवी. पंचफुलानंच बायांना शिकवलं. आन् कपाळाला कुंकू असलेली असो न्हाईतर गळ्यात क्रूस असलेली असो, आपल्या इथली बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेती का? तिनं 'आमचे हे' म्हणलं. बायांनी तसंच धरलं. बायांनी लेकरांना शिकवलं, लेकरं बाप झाली, वेचणीच्या बाया गावोगाव पांगल्या. मिशीवाले बाप्ये, डोळे मिटून, हात जोडून, 'आमचे हे म्हणे'. पाळकसाहेब बी म्हणायलेत. आन् बायांच्या रांगेत पंचफुला, समद्यांत मोठा आवाज तिचा, डोळ्यांतून पाणी. आता देवानं तरी कोणतं नाव ध्यानी ठेवावं?

परतीला आमी सेलूच्या पॅसेंजरमधी बसलो. पौलस खिडकीला. दोन ठेसनं गेली. मग म्हणला, "पंचफुला, सोळा वर्षं म्हणायलीस. एकदा माझं नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती का?"

ती म्हणाली, "उखाण्यात घेते की. कडव्यात कुणी घेतंय का?"

"मग उखाण्यात घे. आत्ता घे. मला ऐकायचंय."

तिनं डबाभर पाह्यलं, पदर पुढं ओढला. "एवढ्या माणसांत? लाज वाटत न्हाई का तुमाला? दोन दिवस सभेत बसलात, हेच शिकलात का?"

पौलस खोकला, आन् पुन्हा खिडकीकडं बघायला लागला. सेलू आलं. दारात ही गर्दी. पौलस पुढं उतरून फलाटावर चालायला लागला, आमी दोघी मागं अडकलो, तर पंचफुलानं दारातून जोरात हाक मारली, "अवं, ऐकलं का..."

फलाटावरचे समदे नवरे वळले. पौलस बी वळला. काय करता, 'आमचे हे' म्हणलं की समदेच आले, त्यात पौलस कुठला ते देवानं तरी कसं ओळखावं?