तिसरी काच

(तपासणी प्रयोगशाळेची मागची खोली. ताई इथे काचांवरचे नमुने रंगवते. धाकटा भाऊ, कापड रंगवणारा, स्टुलावर बसलाय.)

रंगारी : ...थुंकू? या नळीत?

ताई : थुंक. साखर पचवणारी पावडर संपलीय, आणि तुझ्या तोंडाची ख्याती मी लहानपणापासून ऐकते.

रंगारी : यकृताचा तुकडा माझा, थुंकीही माझीच. मग प्रयोगशाळेचं काय?

ताई : अक्कल. आता ऐक. यकृतात साखरेचा साठा असतो. या काचेवरचा साठा तुझी थुंकी खाऊन टाकेल. शेजारच्या काचेला थुंकी लावायची नाही. मग दोन्ही रंगवायच्या. साखर उरेल तिथे गुलाबी होतं.

रंगारी : आणि थुंकी लावूनही गुलाबी उरलं तर?

ताई : तर ते यकृतात अडकलेलं बिघडलेलं प्रथिन. त्याला चिकटलेली साखर थुंकीला पचत नाही. जन्माचा दोष तो, दारूचा नाही.

रंगारी : मग उरू दे बाई, उरू दे! दारूच्या थेंबाला शिवलो नाही, तरी यकृत बिघडलं म्हणून बायको माहेरी जाऊन बसलीय. सासरा फोनवर माझ्या तोंडाचा वास घेतो.

ताई : फोनवर?

रंगारी : घेतो म्हणजे घेतो.

ताई : बरं. थुंकीचं काम झालं, धुतलं. आता हे आम्ल.

रंगारी : म्हणजे आमची तुरटी. कापडाने रंग धरावा म्हणून.

ताई : तुरटी मधे बसून दोघांचं जमवते. हे साखरेची कडीच फोडतं. फुटलेली टोकं मोकळी झाली की ती रंगाला धरतात.

रंगारी : रंग कुठाय? हे तर पाणी!

ताई : किरमिजीच आहे, गंधकाच्या वायूने घालवलेला. मोकळं टोक भेटलं की पुन्हा रंगात येतो.

रंगारी : असला माल मला कुणी पाठवला असता तर त्यालाच पिंपात बुडवला असता... अगं, हा नळाखाली चढतोय! आमचे रंग नळाखाली उतरतात.

ताई : बाजूला हो. सूक्ष्मदर्शकातून बघू दे.

रंगारी : काय दिसतंय? ...ताई? एवढी गप्प तू माझ्या लग्नातही नव्हतीस.

ताई : उरलंय. पेशींमध्ये गोल गोल मणी. गुलाबी.

रंगारी : सुटलो! ...पण थांब. माझी थुंकीच कच्ची निघाली असेल तर? सासरा हेच विचारणार.

ताई : म्हणून तिसरी काच लावली होती. दुसऱ्याच कुणाचं यकृत, साखरेने गच्च भरलेलं. तुझ्या थुंकीने ते साफ झालं. सही डॉक्टर करतील, पण थुंकी पक्की आहे.

रंगारी : जन्माचा दोष म्हणजे आईकडून की बाबांकडून?

ताई : एवढे मणी आहेत म्हणजे बहुतेक दोघांकडून.

रंगारी : तेच दोघं तुझेही.

ताई : तेच.

रंगारी : मग मी इथे ‘उरू दे, उरू दे’ करत होतो, तेव्हा तू...

ताई : मी काचा धूत होते.

रंगारी : तिसरी लावली नसतीस, तर थुंकीवर ढकलता आलं असतं.

ताई : आलं असतं. माझं रक्त उद्या देते तपासायला. तू आधी बायकोला फोन कर.