तोफखान्यातले खापरपणजोबा

आमच्या आयर्लंडमधल्या, कासलबारच्या शेजाऱ्याचं, पॅटचं, तुम्हाला सांगितलं का? त्याच्या हॉलमध्ये खापरपणजोबांचा गणवेशातला फोटो होता. ते अमेरिकेत जाऊन तिथल्या यादवी युद्धात गुलामांच्या सुटकेसाठी लढले, असं घरात सगळे सांगायचे. मी आयटीतला, म्हणून पॅट मला म्हणाला, "त्यांची पलटण शोधून दे की."

मी शोधली. खापरपणजोबा खरंच तोफखान्यात कॅप्टन होते, शूरही होते. फक्त लढले ते दक्षिणेकडून, म्हणजे गुलाम ठेवणाऱ्यांच्या बाजूने.

पॅटने फोटो भिंतीवरून उतरवला. साताऱ्याहून आलेली माझी आई तिथेच चहा पीत होती. "काय झालं रे?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"त्याला म्हणावं, आमच्याकडे पितृपक्षात पान वाढताना कोण कसा होता ते विचारत नाहीत. पितर म्हटले की जेवायला घालायचं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. पॅट "ग्रँड", म्हणजे त्यांच्याकडचं 'ठीक आहे', म्हणाला, आत गेला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात, बिस्किटांच्या डब्याशेजारी फोटो ठेवून त्याने दार लावलं.

"जेवायला मिळेल त्यांना," तो म्हणाला. "पण पाहुण्यांत बसायचं नाही."