खडू कोणाच्या हाती

— नाही वं नूपुर, थांब, आत नको जाऊ, सर आले नाहीत अजून — माहं ऐक एकदा. आज बोर्डावर पहिले तू. खडू तुह्यापाशीच आहे, दिसून राहिला ना मले मुठीत. सुमंत सरांची रीतच तशी — ज्यानं प्रूफ मांडलं, तो खडू मनात येईन त्याले देते, अन् पुढचं प्रूफ मंग त्याचं. तर मले नको देजो. बस, एवढंच. पियुषले दे, मेघाले दे, तिले तर बोर्डावर जायची हौसच आहे.

माहं काय आहे — मागच्या महिन्यात एकदा बोर्डावर अडकली मी, पाहिलंच तू. आज आणखी अडकली तर सर इंटर्नल परीक्षेले बसू देत नाहीत. म्हणजे वर्ष गेलं. अन् बुटीबोरीच्या कंपनीतली लागलेली नोकरी सोडून गणिताच्या एम.एस्सी.ले आली मी, घरी साऱ्यांशी भांडून — आता कोणत्या तोंडानं सांगू? हसून राहिली का तू? नाही? बरं. मले भेव लागून राहिलं, म्हणून जास्त बोलून राहिली.

अभ्यास नाही केला असं नाही. कोराडीच्या बसमध्ये उभ्यानं पाठ करते. पाठच करते, खरं सांगू तर — कोणाले सांगू नको. या ॲनालिसिसमध्ये एक आठवडा मागं पडलं का पडलंच, पुढचं सारं त्याच्यावरच उभं. सर विचारतात, "समजलं?" अन् सगळ्यात मोठ्यानं "हो सर" कोण म्हणते? मीच. काहून? तुह्याकडे पाहून. तू हो म्हणून मान हलवते, म्हणजे सोपंच असन, मलेच डोकं नाही.

आता तुहं आजचं प्रूफच पाह्य — एक भागिले एक्स, शून्य ते एक. कंटिन्युअस आहे, पण युनिफॉर्मली नाही. काहून नाही? ओळी येतात मले साऱ्या, हे 'काहून' नाही येत. म्हणजे — शून्याजवळ ग्राफ कसा चढते? कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमणीसारखा, उभाच. तिथं एक्स इतकुसा सरकला तरी किंमत कुठच्या कुठे. बरोबर? मंग इकडे, एक्स एकाजवळ असताना, जो डेल्टा — म्हणजे एक्सले सरकाले किती जागा द्यायची ते — चालला तो तिथं कसा पुरन? आणखी बारीक घेतला — तर आणखी आत सरकायचं, तिथं तोही नाही पुरत. साऱ्यांले पुरन असा एक डेल्टा नाहीच! अवं बाई — म्हणून पुस्तकात एक भागिले एन घेतला, शून्याले चिकटून राहाले —

काय लिहून राहिली तू हातावर?

दाखव. नूपुर, हे तर मी आता बोलली तेच. म्हणजे तुलेही हे 'काहून' येत नव्हतं — इतके दिवस ती मान हलवून राहिली होती ते — नाही, रडू नको वं. सर जिना चढून राहिले. पूस तो हात. पूस म्हणते ना.

आण तो खडू इकडे. अन् जा, बस जागेवर.