ट्यूब गरम व्हायच्या आधी

आम्ही मूळ नंदुरबारचे. अब्बा मिरची बाजाराच्या मागे कंदील आणि पेट्रोमॅक्स दुरुस्त करायचे. घरात हिंदी, शाळेत मराठी, गिऱ्हाइकाशी अहिराणी. मी एक्स-रेचं शिकलो आणि प्रकाशा गावाच्या पुढे तापीकाठच्या एका खेड्यात छोट्या दवाखान्यात लागलो, तिथंच म्हातारा झालो.

काय सांगू तुम्हाला, अब्बांना एकदा एक्स-रे मशीनची जळालेली जुनी ट्यूब दाखवली तर म्हणाले, अरे, ये तो कंदील है. मी म्हटलं, अब्बा, कंदिलाला हवा लागते, हिच्या काचेत हवा अजिबात चालत नाही. एका टोकाला बारीक तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, विजेच्या जबर दाबानं समोरच्या टंगस्टनच्या तबकडीवर आदळतात, आणि त्या आदळण्यातून एक्स-रे निघतो, तोही शंभरातला एखादा हिस्सा, बाकी सगळी नुसती उष्णता. म्हणून तबकडी गरगर फिरवायची, मार एकाच जागी बसू नये. काचेभोवती तेल, बाहेरून शिशाचं अस्तर. अब्बा म्हणाले, मतलब सौ का तेल जलाओ, एक का उजाला.

सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी तीन हलके शॉट रिकामे द्यायचे, थांबून थांबून. थंड तबकडीवर एकदम जोर टाकला की ती तडकते. पेशंट समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघून कुरकुरायचे, भाऊ, कोना फोटू काढी ऱ्हायना, भितना का? मी म्हणायचो, बापू, मशीन अजून चहा पितंय.

एका थंडीत अब्बा माझ्याकडे राहायला आले होते. सकाळी ओट्यावरून घसरले, खुबा मोडला. बाजेवरच दवाखान्यात आणलं. खुब्याच्या फोटोला जोर जास्त लागतो, पाच मिनिटं थांबायला हवं होतं. पण ज्यांच्या तोंडून मी कधी हाय ऐकली नव्हती ते अब्बा लहान मुलासारखे कण्हत होते, आणि कण्हत कण्हत विचारत होते, मशीन गरम की क्या? मी म्हटलं, हो. खोटं बोललो. तबकडीचा आवाज चढला, मी बटण दाबलं, आत कट् झालं. फोटो स्वच्छ आला. त्यानंतर नुसती घरघर, पुढचा फोटो निघालाच नाही.

नवी ट्यूब यायला दोन महिने लागले. तोवर मोडलेले हातपाय बांधून लोक जीपनं नंदुरबारला जात होते. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं, तर मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून अब्बा बोलले, मैंने जल्दी मचाई. पाय वजनाला टांगलेला, आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचे, दादा, ट्यूब मन्हामुये गयी. एकटे असताना मी म्हटलं, अब्बा, असं का सांगता. तर म्हणाले, तेरे हाथ पे लोगों का भरोसा रहना चाहिए. मेरा क्या, अब मुझे कौन कंदील देता है.

आता अब्बा नाहीत, मीही रिटायर झालो. नवी मशीन आधी स्वतःच तापून घेते, तिथली मुलगी फक्त स्क्रीन बघते. चांगलं आहे, तिच्यावर कधी अशी सकाळ येऊ नये. गावातली म्हातारी माणसं अजून मला म्हणतात, तुन्हा बापनी ट्यूब फोडी. हसूनच म्हणतात, मीही इतकी वर्षं हसत आलो. तुम्ही लिहिताय ना, मग तेवढं माझ्या नावावर लिहा.