नसरीननं सही केली नाही

आमच्या नसरीनचं सांगतो. मलकापूरची पोरगी. बुलढाण्याले माह्यासोबत केमिस्ट्रीत एमएस्सी केली अन् नौदलाची जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली. पहिल्याच महिन्यात एका जहाजाच्या इंजिनाचं तेल तिच्याकडे तपासाले आलं. जहाज दुसऱ्या दिवशी निघणार होतं, अन् हिले तेलात मीठ सापडलं. म्हणजे समुद्राचं पाणी इंजिनात शिरून राह्यलं होतं.

लॅबचे साहेब म्हणाले, "बाटली नीट धुतली नसशील."

"बाटली बदलून तीनदा केलं, सर."

"तुझी नोकरी अजून पक्की नाही. माहीत आहे ना?"

नसरीननं रिपोर्टचा कागद साहेबापुढे सरकवला. म्हणाली, "तेल चांगलं आहे असं लिहायचं असेल तर सही तुम्ही करा, सर. मी नाही करणार."

साहेबानं पेन उचललं. पण सही न करता खाली ठेवलं अन् जहाजावर फोन लावला. इंजिन उघडलं, तर समुद्राच्या पाण्यानं तेल थंड करणाऱ्या नळीले केसाएवढी चीर होती.

मी तिले विचारलं, "भेव नाही वाटलं?"

"लय वाटलं बे. पण समुद्रात मी थोडीच जाऊन राह्यली होती? ते लोक जाऊन राह्यले होते."