रेश्मासाठी बिनअंड्याचा केक

पुंजाराम : दारात आडवी काय हुतीस? हे ट्रे आत ठिवू दे. टेम्पो उन्हात हुबा हाय माझा.

मोनिका : आप्पा, कवाधरनं सांगतेय, उंबऱ्याच्या आत येऊ नका. आज बेकरीत एक अंडं यायचं न्हाई.

पुंजाराम : बेकरीत अंडं न्हाई? मग आत भाकरी थापतीस का काय?

मोनिका : केकच केलाय. उद्या रेश्माचा वाढदिवस हाय, शाळेतल्या सुरेखा मॅडमच्या पोरीचा. तिला अंडं सोसत न्हाई, दूध पण न्हाई. कण जरी पोटात गेला तरी ओठ सुजतात, श्वास कोंडतो.

पुंजाराम : मग शिरा खावा की तिनं.

मोनिका : शिऱ्यावर मेणबत्ती लावू का? वर्गात कुणाचाबी वाढदिवस असला की ती पोरगी घरचा लाडू घेऊन एका बाजूला बसती. तिला केक पाहिजे. आन् मी देते म्हणालेय.

पुंजाराम : आगं, आपल्या पोल्ट्रीतल्या कोंबड्यांच्या जिवावर तू पुण्याला जाऊन हे शिकलीस. आन् आता बापाच्याच अंड्याला दार बंद! अख्खं मिरजगाव हसंल मला.

मोनिका : कायमचं बंद न्हाई केलं. हा केक गेला की पाठवा नेहमीसारखे ट्रे.

पुंजाराम : पर अंड्याबिगर त्यो फुगतो कसा?

मोनिका : अंडं केकात काय करतं, ते आधी बघितलं. पीठ धरून ठेवतं, ओलावा देतं, फुगवतं. मग ती कामं दुसऱ्यांना वाटून दिली.

पुंजाराम : कुनाला?

मोनिका : धरून ठेवायला जवस. कुटून पाण्यात भिजवलं की बुळबुळीत होतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. फुगायला सोडा आन् लिंबू. दुधाच्या जागी नारळाचं दूध.

पुंजाराम : जवस? ज्याची आपन चटनी करतो, ते?

मोनिका : तेच. पहिल्यांदा केळं घालून बघितलं. केक झाला, पर वास शिकरणीचा. मग जवस जास्त पडलं, तर आत नुसती खळ! सुरी घातली तर सुरीच बाहेर येईना. लई नासाडी झाली, तवा कुठं जमलं.

पुंजाराम : आन् वरचं पांढरं कशाचं? लोनी तर चालत न्हाई म्हनतीस.

मोनिका : काबुली चणे शिजवलेल्या पाण्याचं.

पुंजाराम : कशाचं?

मोनिका : पाणी आटवून चिकट केलं, गार केलं, साखर घालून फेटलं. तिथूनच बघा. हे भांडं उलटं धरते हां.

पुंजाराम : आगं, आगं, सांडंल की! ...पडंना की गं. आन् ह्ये चन्याचं पानी? आपन तर म्हशीपुढं वततो.

मोनिका : म्हशीचं नशीब.

सुरेखा : मोनिकाताई आहेत का? मी... अरे! एवढी अंडी?

मोनिका : या मॅडम, आत या. हे माझे वडील.

सुरेखा : नमस्कार. नको, आत नको. खरं तर मी केक नको म्हणूनच सांगायला आले होते. आता हे ट्रे बघितल्यावर बोलायला काही उरलंच नाही.

मोनिका : ती अंडी आत आलेली नाहीत, मॅडम.

सुरेखा : तुमच्यावर अविश्वास नाही हो माझा. पण गेल्या वर्षीही एका दुकानात असंच सांगितलं होतं, अंडं नाही, दूध नाही. घातलं नव्हतंच त्यांनी. पण फेटायचं यंत्र आधीच्या केकचं होतं. एका घासात तिचा चेहरा सुजला. नगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी तिला हाका मारत होते आणि ती ओ देत नव्हती. त्या दिवसापासून सासूबाई घरात केकचं नावसुद्धा काढू देत नाहीत.

मोनिका : मी यंत्र नवं घेतलंय. भांडी, साचे, चाळणीसुद्धा नवी. ओव्हन आतून खरवडून धुतलाय. त्यानंतर इथं दुसरं काही भाजलेलं नाही.

सुरेखा : तेही असंच सांगत होते, ताई.

पुंजाराम : बाई, मी मधी बोलू का?

मोनिका : आप्पा, तुम्ही राहू द्या.

पुंजाराम : बोलू दे की. बाई, अंडी माझी. मी हिचा बाप. मघाधरनं उन्हात हुबा हाय, तर हिनं मला प्यायचं पानीसुदीक बाहीर आनून दिलं. म्हनली, तुमच्या हाताला अंडं लागल्यालं हाय. काल हिची आई आल्ती भांडी घासू लागायला. तिलाबी दारातनं माघारी लावली.

सुरेखा : आईला? का?

पुंजाराम : कोंबड्यांना दाना टाकून, अंडी येचून आल्ती म्हनून! ती रुसून बसलीया घरी. जेवली न्हाई धड. तुमच्या एका केकापायी माझ्या घरात भांडन लागलंय, बाई.

सुरेखा : असं केलंत तुम्ही, मोनिकाताई?

मोनिका : आईची समजूत मी काढीन. साडीला काय लागलेलं असतं, ते आपल्याला दिसत नाही.

पुंजाराम : मला तर वाटलं हुतं, एखादं अंडं गुपचूप घाल म्हनावं, कुनाला कळतंय. बरं झालं, त्वांड उघडलं न्हाई. हिनं मला टेम्पोसकट हाकलला असता.

मोनिका : मॅडम, आधी एक सांगा. गहू, जवस, काबुली चणे, नारळ, लिंबू, वेलची, सूर्यफुलाचं तेल. हे सगळं रेश्मा घरी खाते ना? यातलं एक जरी खात नसेल, तर तुम्ही मागितलात तरी मी केक देणार नाही.

सुरेखा : सगळं खाते. जवसाची चटणी तर रोज लागते तिला.

मोनिका : मग हा तुकडा खाऊन बघा. त्याच घाण्यातला आहे.

सुरेखा : ...मऊ आहे हो. मला वाटलं होतं, कोरडा ठणठणीत असेल. जवस कुठं कळतच नाही.

मोनिका : कळू नये म्हणूनच तर एवढा खटाटोप. घरी नेल्यावर तुमच्या डॉक्टरांशी बोला. ते म्हणतील तसं आणि तेवढंच द्या, औषध हाताशी ठेवा. आणि मन घेत नसेल तर खुशाल ठेवून जा, मला राग यायचा नाही. पण केक चांगला झालाय आणि स्वच्छ झालाय, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

सुरेखा : द्या बांधून. सासूबाईंना मी बघते.

पुंजाराम : मी खोकं धरू का, बाई? गाडीवर ठिवून देतो.

मोनिका : आप्पा!

पुंजाराम : न्हाई, न्हाई. ह्ये बघ, हात मागं.

(रविवारी संध्याकाळी बेकरी बंद होती, तरी मोनिका ओट्यापाशी बसून राहिली होती. पुंजाराम तिला घरी न्यायला आला, तेवढ्यात फोन वाजला.)

सुरेखा : मोनिकाताई, मी सुरेखा. लवकर करायला हवा होता फोन, पण धीर होत नव्हता.

मोनिका : बोला, मॅडम.

सुरेखा : डॉक्टरांना विचारून सकाळी कणभर दिला. मग थांबलो. दुपारी पोरं आली, मेणबत्ती लावली. तुकडा हातात घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणते, आई, खरंच खाऊ?

मोनिका : मग?

सुरेखा : खाल्ला. दुसरा मागितला, तो सासूबाईंनी स्वतः कापून दिला. वर्गातल्या सगळ्यांनी तोच केक खाल्ला, हिच्याबरोबर बसून. आता अंगणात लपाछपी चाललीय आणि मी मघापासून दारात उभी राहून तिच्या ओठांकडेच बघतेय.

मोनिका : आणि?

सुरेखा : पुढचे दात पडलेत ना तिचे, हसताना तेवढंच दिसतंय. ठेवते हं. तिच्यावर राज्य आलंय, मला बोलावतेय.

मोनिका : जा, मॅडम. जा तुम्ही.

पुंजाराम : बाईंचाच फोन ना? आगं, तू रडतीस कशापायी? काय झालं पोरीला?

मोनिका : काय न्हाई झालं, आप्पा. कायच न्हाई झालं.